दोष पपईचा नव्हता

मी तुंगाबाई सुब्बाराव, वय ब्याऐंशी, राहणार बनशंकरी, बेंगळूरु, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्या धाकाविना हे मृत्युपत्र सांगते. लिहून घेते माझी नात दिव्यश्री. माझे गुडघे गेलेत, डोकं नाही. आळीत मला सूलगित्ती अक्का म्हणतात, म्हणजे सुईण. चाळीस वर्षं मी बाळंतपणं केली.

१. राहतं घर मुलगा सुनीलकुमार याला. मागचा नारळ त्यानं तोडू नये, त्याच्या जन्माची वार तिथंच पुरली आहे.

२. पाटल्या दिव्यश्रीला. माझी जाऊ कौशल्या मागेल, देऊ नयेत. स्वतःच्या सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी तिनं मला खोलीबाहेर बसवलं होतं.

३. एरंडेलाची पितळी वाटी दिव्यश्रीला. ती इस्पितळात नर्स आहे, माझ्या कामाला हसते, पण बाळाला न्हाऊ घालताना हात माझाच दिसतो. वाटीबरोबर माझ्या सासूबाईंचा, त्याही सुईणच, नियमही दिला: पोटात आडवं असलेलं मूल तेल लावून तीनदा वळवून बघायचं. नाही वळलं तर हात काढायचा आणि गाडी बोलवायची. चौथ्यांदा हात लावायचा नाही.

४. एकोणीसशे पंच्याऐंशी साली शेजारच्या पद्मावतीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे होतं. मूल आडवं. तीनदा वळवून बघितलं, वळलं नाही. तिची सासू दारातून म्हणाली, "काय अक्का, तुमच्यानं पण होईना?" झालं, मला झोंबलं. मी चौथ्यांदा हात लावला. पाचव्यांदाही. इस्पितळात पोचेतो मूल गेलं होतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आठवड्यापूर्वी पद्मावतीनं मला विश्वासानं सांगितलं होतं, की मीठ लावून पपईची एक फोड खाल्ली. मी तेच पुढं केलं. "हिनंच पपई खाल्ली, मी काय करणार?" तेव्हापासून तिला कुणी डोहाळजेवणाला बोलावलं नाही, कुणाची ओटी भरू दिली नाही. पुढं तिला मूल झालं नाही. मी मात्र दर डोहाळजेवणाला सुईणीचा मान घेत बसले. थू माझ्या जिण्यावर!

दिव्यश्री विचारते, "आज्जी, हे गाळू का?" गाळलंस तर सही करणार नाही. लिही, दोष पपईचा नव्हता, पद्मावतीचा नव्हता. माझा होता. मला लाज वाटते.

५. पद्मावतीला मी काही ठेवत नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, आणि मला तिचीच सही हवी आहे. मेल्यावर तिला कळावं असं आधी ठरवलं होतं. तोही पळपुटेपणाच. म्हणून आज तिला बोलावून सगळं वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "सही करते, अक्का. पण हा कागद पेटीत ठेवायचा नाही. रविवारी कौशल्याबाईंच्या नातसुनेचं डोहाळजेवण आहे. तिथं बायकांसमोर वाचायचा. दिव्यश्रीनं नाही, तुम्ही."

सरी, बरं, म्हटलं. सही माझीच आहे.

बेंगळूरु, १२ ऑगस्ट २०२४
तुंगाबाई सुब्बाराव

साक्षीदार, दोघांनी समोर बसून सही केली:
१. नागराज, खालचे दुकानदार
२. पद्मावती, शेजारीण. सगळं ऐकलं, खरं आहे. माफ केलं असं मी म्हटलेलं नाही.