विहिरीच्या आसरांना आग्रहाचं बोलावणं

तीर्थस्वरूप आक्कास धाकट्या संपतचा साष्टांग नमस्कार.

डोंगरकड्याला आम्ही सगळे खुशाल आहोत (अशी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं). तुझा गुडघा कसा आहे? फोनच करणार होतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि ही गोष्ट अख्ख्या वसमतला ऐकवण्यासारखी नाही.

मोहिनीच्या लग्नाला तुला येता आलं नाही आणि घरात रीतभात सांगणारं कुणी उरलं नाही. मळ्यातल्या विहिरीच्या साती आसरांना आधी पत्रिका द्यायची, एवढं मला ठाऊक होतं. हळदीकुंकू वाहिलं, खणनारळ ठेवला. तू दर वेळी म्हणतेस ते "बायांनो, तिथूनच आशीर्वाद द्या" मात्र साफ विसरलो. गावभर पत्रिका वाटून जिभेला वळण पडलेलं. हात जोडून म्हणालो, "समद्याजणी या बरं का, जेवल्याबिगर जायचं न्हाई." विहिरीत काहीतरी बुडबुडलं. मी मोटरीला शिव्या घातल्या (लाइट गेलेली होती, हे घरी आल्यावर कळलं).

लग्नात सात अनोळखी बाया आल्या. हिरवी लुगडी, केस ओले. आपल्याकडच्यांना वाटलं वरपक्षाच्या, वरपक्षाला वाटलं आपल्या, त्यामुळे मान दोन्हीकडून मिळाला. त्यांच्या पंगतीला पातेली रिकामी झाली, पण एकीलाही चावताना कुणी पाहिलं नाही. मांडव निघाला तरी त्या ओसरीत बसून आहेत. बोलत नाहीत, नुसत्या बघतात. मी मागल्या दारानंच ये-जा करतो. तुझ्या भावजयीला, सुमनबाईला, त्यांचं काही भ्याव नाही, उलट नळ न येता रांजण भरलेला असतो म्हणून ती खूश आहे.

मला घोर मोहिनीचा आहे. पाठराखीण म्हणून तू जाणार होतीस, तुझ्याऐवजी दुसरी कुणी मिळाली नाही. लेकरू परक्या घरी एकटं गेलं. गाडीत बसताना माझा हात सोडत नव्हती. तेव्हापासून मला घास उतरत नाही.

तुझा संपत

ता. क. बोळवण केल्याशिवाय या बाया हलायच्या नाहीत, आणि त्यांची बोळवण फक्त तुला ठाऊक. गुडघा बांधून ये. हिरवी लुगडी सात आणून ठेवली आहेत.

आणखी ता. क. लुगडी सहाच लागतील. आज धीर करून ओसरीत बायांना मोजलं. तेवढ्यात मोहिनीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, मी एकटी कुठं हाय? गाडीतच आत्या शेजारी येऊन बसली व्हती. गुडघा पार बरा झालाय तिचा, दिवसभर पाणी भरून राहिली. केस तेवढे वाळंनात."

आक्का, तू वसमतलाच आहेस ना? पोरीला मी काही बोललो नाही. लग्नानंतर आज पहिल्यांदा हसली ती.