किल्ल्यातला उजेड कोणी कमी केला?

४ मे
प्रीतमने डोळ्याच्या दवाखान्यात माझं नाव टाकलं. मले न विचारता. स्वतःच्या पोराचाही भरवसा नाही आता. मोतीबिंदू म्हणते. मी चौथी पास, पण एवढं समजते की उन्हाळ्यात डोळ्याले सुरी लावत नसते. आणि मले दिसते सगळं. सुनेचं वाकडं तोंड तर भिंतीआडूनही दिसते.
नात मयुराने तोडगा काढला. तिच्या गेममध्ये काळा किल्ला आहे. सुट्टीत ही पोरगी करते काय, यावर नजर ठेवायले मी बाजूले बसली, आता ती कमी आणि मीच जास्त खेळते. किल्ल्यातली राणी मी वीस तारखेच्या आत मारली तर डोळ्याचा विषय बंद. नाही मारली तर मुकाट्याने दवाखाना. प्रीतम लगेच हो म्हणाला. एवढ्या लवकर काहून?

६ मे
गेममधली आपली पोरगी लाल झग्याची, हाती तलवार. बाकी सगळा अंधार. हाडकं चालतात, भुतं लटकतात, पण दिसत काही नाही. परवापर्यंत एवढा अंधार नव्हता. सरिताने टीव्हीचा उजेड कमी केला असन. विचारलं. म्हणते, आई, याच्याहून जास्त उजेड होतच नाही. सुना असंच बोलतात.
आज सोळा वेळा मेली.

८ मे
गेम कच्चा आहे. पोरगी भिंतीत फसते. दरवाजा उघडायले दुसरी उडी शिका, मग जुन्याच वाटेने परत या. इतवारीच्या बाजारात बरण्या घ्यायले गेलं की एकाच चौकात तीनदा येतो, तसं. पण सोडवत नाही. भाजी करपली. सरिताने मुद्दाम आवाज दिला नाही.
उद्यापासून दोन ते चार फक्त सराव. झोप बंद.

९ मे
कूलरचा वारा लागला, झोपली.

१२ मे
एक राक्षस अर्धा तास हाणला. मरत नाही, उलटून मारतही नाही. घाबरला असन. मयुरा मागून म्हणते, आजी, तो खांब आहे वं. खांब असता तर मले समजला नसता का? कंपनीनेच राक्षसासारखा बनवला.
आणखी एक. मी निवडलेले तांदूळ सरिता दुपारी परत ताटात घेऊन बसते. लपून. मी जवळ गेली की ताट झाकते. काय शोधून राहिली, देव जाणे. पाळत ठेवायची.

१५ मे
खालची शोभाताई आली. रिटायर मास्तरीण. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लोकांच्या घरचे जाळे मोजत फिरते. म्हणे, अंजनाबाई, करून टाका, पंधरा मिनिटांचं काम. दवाखानेवाल्यांनी हिले फितवली दिसते. चहा फिका दिला.

१९ मे, दुपारी ३
मेली! राणी मेली!!
हात असा बसला, की बटन दाबायच्या आधीच पोरगी उडी मारे. आगीतून गेली, छतावरून आली, तीन मिनिटांत राणी आडवी. ती परत उभी झाली. परत मारली. अशी पाच वेळा मारली. मधात चहाचा घोट घेतला, तरी पोरगी लढतच होती. याले म्हणतात वळण लावणं.
टीव्हीत खाली काहीतरी पांढरं लुकलुकत होतं. दिवा असन.
शोभाताईले वर बोलावलं आहे. सहा वाजता, मयुरा क्लास करून आली की. सगळ्यांसमोर मारते.

१९ मे, रात्री
शोभाताईने दारातूनच वाचलं. म्हणे, अंजनाबाई, खाली इंग्रजीत लिहून आहे, सुरू करायले बटन दाबा.
मी दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं.
मयुराने माझ्या हातातला रिमोट पाहिला. आजी, हा तर बंद आहे वं, चार्जिंगच नाही. कोणी खेळत नसलं की गेम आपल्या आपण नमुना दाखवते. दुकानात साडी लावून ठेवते ना पुतळ्याले, तसं.
प्रीतम गॅलरीत गेला. खांदे हलत होते त्याचे. सरिता हसली नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.
उद्याचा दिवस बाकी आहे.

२० मे
गेला.

२७ मे
परवा उजव्या डोळ्याचं झालं. पंधरा नाही, वीस मिनिटं लागली. शोभाताई खोटी आहे, मी म्हणतच होती.
सकाळी डबा उघडला. मागल्या आठवड्यात मी निवडलेले तांदूळ. मुठीत सात खडे, एक सोंडा किडा. सरिता ताट घ्यायले आली. मी म्हटलं, दे इकडे, मी निवडते. ती म्हणे, आई, राहू द्या, दाताखाली कोणाच्या आलं नाही अजून. म्हणजे सालभर ही बाई माझ्यामागे परत निवडत होती. सांगायचं तर होतं. सांगितलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, ते वेगळं.
दुपारी किल्ला लावला. उजेडच उजेड. टीव्हीले कोणी हात लावला नव्हता म्हणते. पोरीच्या झग्याची जरीची किनार दिसली. खांब खांबासारखा दिसला. समोरचा खड्डा काठासकट दिसला.
त्यात पडली.
नऊ वेळा पडली. तोच खड्डा.
बोटाले संधिवात असन. घरात कोणाले कळू द्यायचं नाही. हे लोक लगेच नाव टाकतात.