बाजेतले दोन पाहुणे

१४ मार्च १९८३
वेधशाळेचा डोंगर, मद्रासच्या अलीकडे

तीर्थस्वरूप कारभारीभाऊस,

गेणूने शपथ मोडली, हे उघड्या पोस्टकार्डावर कशाला लिहायचं? पाकिटाला काय सोनं लागतं? इथल्या पोस्टमनला मराठी येत नाय म्हणून वाचलो, पण दिंडोरीच्या पोस्टात चहाबरोबर सगळ्यांनी वाचलं असणार. असो. नमस्कार. वहिनीलाही. मी खुशाल. दुर्बिणीच्या घुमटाला रंग देतो, भात खाऊन पोट सुटलंय. वळ्ळी म्हणते, अजून सुटेल.

शपथ मला आठवते. गव्हाच्या खळ्यावर आपण गोधडीसाठी भांडलो आणि आबांनी आभाळातल्या सप्तर्षीकडं बोट केलं. "ती बघा म्हातारीची बाज. चार खूर, मागं तीन चोर. सातजण कधी फुटले? तसं राहा." मी दहा वर्षांचा, हो म्हणालो. चोरांना घरात धरू नये, हे तेव्हा सुचलं नाय.

परवा जेवणं झाल्यावर हे मी इथल्या साहेबांना ऐटीत सांगितलं. ते हिंदीत बोलतात. म्हणाले, "सातातली पाचच भावंडं. एका ढगातून जन्मलेली. एक खूर आणि शेवटचा चोर परके, त्यांची वाट वेगळी."

मी तापलो. "म्हणजे आमचे आबा खोटारडे?"

"नाही रे. त्यांनी दोन पाहुणे घरात मोजले, एवढंच."

"बरं, पाच तरी एकमेकांना धरून आहेत ना?"

"धरून कसले! कधीच लांब लांब झालेत. पण चाल एक, दिशा एक."

मग त्यांनी कृत्तिकांचा घोळका दाखवला. त्या अजून एकमेकींच्या ओढीनं जवळ आहेत. पण त्याही एकेक करून पांगणार, कोटी कोटी वर्षांनी.

भाऊ, मला लय बरं वाटलं. दोन दिवस परांचीवर शीळ घालत होतो. मिस्त्री म्हणाला, सकाळीच प्यायलास काय?

आता तू विचारशील, वळ्ळी कोण. मेसमध्ये भात शिजवते. मराठीतलं "जेवलास का" एवढंच येतं तिला, आणि ते दिवसातून चारदा म्हणते. तुझं पोस्टकार्ड मी तिला माझ्या मोडक्या तमिळमध्ये, शिव्या गाळून सांगितलं. तिनं पळी आपटली. "भाऊ येत नाय तोवर लग्न नाय." म्हणजे आता सगळं तुझ्या हाती.

आणि मला इथं कायम केलंय. आखाजीला येणार नाय, पुढंही राहायला येणार नाय. हे तीन पत्रांत लिहायचं धाडस झालं नाय. माझ्या वाटणीचं रान तूच कर. मध्ये बांध तेवढा घालू नकोस.

लग्न अठ्ठावीस एप्रिलला, तू आलास तर. तुझं, वहिनीचं आणि तुझ्या मैनीच्या अर्ध्या तिकिटाचं भाडं मनिऑर्डरीनं पाठवतोय. नुसतं यायचं. जायचं मी देणार नाय.

तुझाच भांडखोर,
गेणू

रुपये दोनशे दहा.