कोरी काच

शनिवार, ११ जानेवारी १९५८
यशवंतपूर

ह्यांचा आता रागही येत नाही. कीव येते. छे, कीव कसली, किळसच.

काल संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावली, मागे कॅमेरा जोडला. मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घ्यायचा म्हणून घरातले सगळे दिवे बंद करायला लावले. शेजारच्या कानडी अक्कांच्या खिडकीत कंदील दिसला, तर वरूनच ओरडले. अक्कांनी निमूट मालवला. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. अंधारात औषध देताना बाटली पडून फुटली.

आज मी फोटोची काचेची प्लेट रसायनात धुतली, तर पाण्यासारखी कोरी काच. "त्या कंदिलानं घात केला," हे म्हणाले. तेवढ्यात अक्का स्वतःच आल्या. "तप्पु झालं, साहेब, चुकलं माझं. पण औषधाला स्वल्प उजेड लागतो हो." आणि हे मोठ्या मनाने म्हणतात, "सरी, सरी, असू दे. पुन्हा सांभाळा."

मोठं मन! उजेड लागला की काच काळी पडते, हे मला कळतं आणि इंजिनिअरसाहेबांना कळत नाही? कळतं की. मग?

ती कोरी काच मी अक्कांच्याच हातात दिली. "कंदिलाचा उजेड पडला असता तर ही काळी झाली असती. ह्यांनी कॅमेऱ्याचं झाकणच काढलं नव्हतं."

अक्का काचेतून आरपार ह्यांच्याकडे बघत राहिल्या. हे म्हणाले, "आत जा. चहा टाक."

नाही गेले. चपला घातल्या आणि अक्कांबरोबर औषधाच्या दुकानात गेले.