दाजींची भुवई

माजलगाव
४ फेब्रुवारी २०२४

ती. मनकर्णाआक्का,
सप्रेम जय भीम. वि. वि.

काल सुखरूप पोचले. लकव्यानं सर्जेरावदाजींची वाचा गेली म्हणून तुला धीर द्यायला आले होते, आणि आठ दिवस तुम्हा दोघांना हसताना बघून परतले. उत्तरेश्वरमामा लकव्यावरचे उपाय सांगत सांगत तीन बशा शिरा संपवत होते, तेव्हा दाजींनी फक्त डावी भुवई उचलली. तू तोंडाला पदर लावून आत पळालीस. मला कळायलाच वेळ लागला.

फोनवर बोलवणार नाही म्हणून लिहिते. आमचे हेही पूर्वी असंच बघायचे गं. आमच्या पौर्णिमाच्या नामकरणाला पाहुण्यांचं भाषण संपेना, तेव्हा ह्यांनी गर्दीतून हसून मला डोळ्यानं खुणावलं. मी चारचौघांत मोठ्यानं विचारलं, की दात काढायला काय झालं? सगळे हसले, हे सोडून. त्याला चोवीस वर्षं झाली. परत कधी कुठल्या कार्यक्रमात त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटायचं, माणूस शहाणा झाला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी,
वनिता

घाटनांदूर
१२ फेब्रुवारी

चि. वनितास,
जय भीम आन आशीर्वाद.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. तीन न्हाई, चार बशा, असं यांनी बोटानं सांगितलं.

तुला वाटतं आमचं लई गोड हाय. बाई, हे बोलत होते तवा मी निम्मं ऐकलंच न्हाई. आता एक शब्द निघंल म्हणून तोंडाकडं बघत बसते. अशी येळ यायची वाट बघत तू कावून थांबलीस? माफी मागू नको, तुझे समाधानराव बावरतील. पुढच्या कार्यक्रमात नुसतं त्यांच्याकडं बघ आन हस.

पत्र टाकत जा, बरं वाटतं.
तुझी आक्का

माजलगाव
३ मार्च

ती. आक्का,
सप्रेम जय भीम.

काल ह्यांच्या ऑफिसातल्या अभिमन्यूभाऊंचा निरोपसमारंभ झाला. हे समोर पुरुषांच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर. साहेबांनी शाल भलत्याच माणसाच्या खांद्यावर घातली आणि तो बिचारा नमस्कार करून बसलासुद्धा. मी ह्यांच्याकडे बघितलं आणि हसले.

त्यांनी मला पाहिलं. मग मान वळवून मागे बघितलं, मी कुणाकडे बघून हसते ते. मागे नुसती भिंत होती.

ते परत वळेपर्यंत, आक्का, मीच मान खाली घातली होती.

दाजींना जप. मला अंतर देऊ नकोस.
वनिता