रेडिओच्या तळाचे वायसर

उदगीर, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

देवणीचे बसलिंगअप्पा दुपारी त्यांचा जुना वॉल्व्हचा रेडिओ घेऊन गेले. महिनाभर खपून मीच दुरुस्त केला होता. आत्ता टेबल आवरताना दोन रबरी वायसर सापडले. ते रेडिओच्या तळाच्या स्क्रूंना बसवायचे असतात. नसले तर आतला करंट थेट स्क्रूच्या डोक्यावर येतो, आणि तिथं बोट लागलं की संपलंच. मी विसरलेच कशी? तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी.

अप्पांना सहा वेळा फोन लावला. उचलेनात. डोळ्यांसमोर एकच चित्र, अप्पा रेडिओ उचलतायत आणि बोटं तळाखाली. सातव्यांदा त्यांच्या सुनेनं, शोभानं उचलला.

"अप्पा कुठं आहेत?"

"हितंच हायत की बाई. रेडिओ पुसायलेत."

"पिन लावली का?"

"न्हाई. लाईटच कुठं हाय? दुपारपासून गेलीय."

सकाळी मी येईपर्यंत पिन लावायची नाही, हे तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मागून अप्पांचा आवाज आला, "बाईला सांग, लई झकास दिसायलाय."

हे वायसर टेबलावर राहिले म्हणून कळलं तरी. यंदा आणखी चार घरी रेडिओ दिलेत. त्यांचे खोके परत बंद करताना मी काय काय तपासलं होतं, काही केल्या आठवत नाही.