दोरीवरचं बोट

४ ऑगस्ट, सोमवार
आले एकदाची केदुंगसारीला. ट्रकमध्ये मागे माझी पेटी, पुढे मी आणि मांडीवर माझी लेक सिह. घाटात दोघींनीही ओकून घेतलं. पण घर पाहिलं आणि जीव खुलला. दवाखान्याला लागूनच दोन खोल्या, परसात पपई, समोर सागाची रांग. पोहोचते तोच बायका गरम भात आणि तळलेलं टेंपे, सोयाबीनच्या वड्या, घेऊन हजर. त्यांची पुढारीण आरोग्यसेविका बू वार्सी, म्हणजे वार्सीबाई, साठीची, दात पानाने लाल. सिहला उचलून म्हणते, सुईणबाई, लेक आहे की वाळकी शेंग? सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला लागलं, पण खोटं काय होतं? सात महिन्यांची पोर आणि पाच किलो नऊशे. तिचे बाबा समुद्रापार कालिमान्तानच्या खाणीवर, माझं दूध आटलेलं. म्हणून तर मी ही बदली मागून घेतली. या वस्तीत बारा वर्षांत एकही मूल दगावलेलं नाही, तसं प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे. इथे माझी सिह भरेल.

६ ऑगस्ट, बुधवार
पहिली वजनं. तुळईला टांगलेला काटा, घड्याळासारखी तबकडी, खाली कापडी झोळी. मुलं एकेक भोपळा! सिह झोळीतच झोपून गेली आणि तबकडीवरचा काटा बारीक ठेका धरून हलायला लागला. शिकताना आमच्या बाईंनी हे दाखवलं होतं. हृदय रक्त वर फेकतं तेव्हा अंग कणभर खाली दबतं, तेवढं वजन वाढल्यासारखं दिसतं आणि लगेच उतरतं. मी कौतुकाने बायकांना हाका मारल्या. एकही पुढे आली नाही. वार्सीने दोरीवर बोट टेकवलं आणि म्हणाली, पुरे झालं, पुढचं मूल घ्या. प्रत्येक मुलाच्या वेळी ती असं बोट ठेवते. झोळी झुलू नये म्हणून, म्हणे.

१७ ऑगस्ट, रविवार
आज आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. गावात खेळ. पोत्यात पाय घालून उड्यांची शर्यत, भर उन्हात मैदानाच्या तीन फेऱ्या. मीच ओरडून ओरडून दमले. मुलं मात्र लगेच सरबताच्या रांगेत. एकालाही धाप लागलेली नाही.
आमच्यात विधी होईपर्यंत बाळाचा पाय मातीला लागू देत नाहीत. वार्सीने पुन्हा विचारलं, सिहचा पाय जमिनीला कधी लावायचा? मी सांगितलं, आठ महिन्यांची झाली की, सासरी, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, इथली माती काय वाईट आहे गं?

२८ ऑगस्ट, गुरुवार
जुनी पत्रकं चाळत बसले. एकाही मुलाचं वजन कधी घटलेलं नाही. तापाच्या साथीत नाही, जुलाबाच्या साथीत नाही. असं कुठे असतं? आता त्या बोटाचा अर्थ लागला. बाई दोरी दाबते, वजन फुगवते आणि प्रशस्तिपत्र मिळवते! सगळ्या आया सामील. आणि मी भोळी इथल्या हवेला नवस बोलत होते.

१ सप्टेंबर, सोमवार
तालुक्याला जाऊन पाच किलोचं लोखंडी वजन आणलं. बुधवारी काट्याची परीक्षा. सिहला वार्सीकडे ठेवायची छाती झाली नाही, शेजारच्या तिनेमकडे ठेवलं. परत येते तर पोर खदखदून हसतेय आणि पायांच्या तळव्यांना तांबडी माती. तिनेम म्हणाली, रागावू नका हं, आम्ही विधी उरकूनच घेतला. कोंबड्यांच्या डालग्यात बसवलं, पुढे कंगवा, पेन, भात ठेवला, तिने भातच उचलला, खादाड कुठली! मी कडाकडा भांडले. सासूला काय सांगू?
पण सिह आज वाटीभर खिमट जेवली. पहिल्यांदाच.

३ सप्टेंबर, सकाळ
लोखंडी वजन टांगलं. काटा बरोबर पाचावर, स्थिर. म्हणजे काट्यात खोट नाही. मग वार्सीला दोरीपासून लांब, दारापाशी उभं केलं.
पहिलं मूल, गाढ झोपलेलं. नऊ किलो दोनशे. वजन खरं आहे. पण काटा हलत नाही. लोखंड टांगल्यासारखा.
दुसरं मूल. तिसरं.
ठोके ऐकायची नळी मुलाच्या छातीला लावली. काही नाही. नळी बिघडली असेल म्हणून माझ्या छातीला लावली, तर कान फुटतील अशी धडधड.
मूल जागं झालं. माझ्याकडे बघून हसलं.

दुपार
वार्सी पायरीवर बसून शांतपणे सांगत होती. बारा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात अकरा पोरं पुरली. मग आम्ही मातीकडेच मागितलं. आता तिला पाय लागला की आतलं थांबतं. मग ताप नाही, मरण नाही. खातात, वाढतात, आई म्हणून हाक मारतात. अजून काय हवं, सुईणबाई? आणि मी बोट ठेवते ते तुमच्या कचेरीसाठी नव्हे. माझ्या बोटातल्या ठोक्याने काटा हलतो. आयांना तेवढं तरी दिसावं.
सिहबद्दल मी विचारलं नाही. ती उठून गेली. जाताना माझ्या डोक्यावरून हात—

दार लावून घेतलंय. सिह झोपलीय. नळी हातात घेतली आणि ठेवून दिली. नळी नको. काटाच बघते. तिला झोळीत

सहा किलो आठशे. परवापर्यंत सहालाही टेकली नव्हती. दोन दिवसांत! किती भरलीय माझी बाय.

काटा हलतोय. हलतोय! ठेका धरून, तसाच—
माझं बोट दोरीवर आहे. कधी ठेवलं कळलं नाही.

डाव्या हाताने लिहितेय. बोट काढून बघायला हवं. सुईण आहे मी. तीन म्हटलं की काढायचं.
एक. दोन.

दोन.

बाहेर बायका जमल्यात. वार्सी म्हणतेय, राहू दे गं, आम्ही कुणीच काढून बघितलं नाही—

एक. दोन. सिह, आई इथेच आहे, आई बोट